समस्त म्हणजे कोण, नलू?

नलू, तुझा एक धड फोटो नाही.

सुधाकरदादाचा फोन आला तेव्हा मी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सला दोरी ओवायच्या रिंगा मारत होते. तुझा भाऊ, नेहमीसारखा घाईत. "शैलाताई, दहाव्याच्या आधी बोर्ड लागला पाहिजे, स्टँडच्या कोपऱ्यावर. मजकूर काय सांगायचा, तुमचा रोजचाच हाय." रोजचाच आहे खरा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे फोटो, फोटोमागं ढग, खाली नाव, नावाखाली 'शोकाकुल' आणि समस्त अमुक परिवार. आमचे हे गेले आणि दुकान मी चालवायला घेतलं, तेव्हापासून परंड्यातली कितीतरी माणसं मी अशी ढगांत बसवली आहेत. हात सवयीनं चालतो. तुझ्या वेळीही चालला. नाव टाइप झालं, ढग लागले. फोटोच्या जागी पांढरा चौकोन राहिला.

दादानं तुझ्या आधार कार्डाचा फोटो पाठवला. त्यात तू कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसतेस. मी त्याला तसं सांगितलं नाही. "बारीक फोटो हाय, मोठा केला की फाटतोय," एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "मग तुम्हीच बघा. तुमच्याच शेजारी बसायची की ती."

बसायचीस. एका गाळ्याचे दोन भाग, मधे छतापर्यंत न पोचणारी प्लायवूडची भिंत. अलीकडं माझा प्रिंटर, पलीकडं तुझं पिको-फॉलचं मशीन. दिवसभर आपण दोघी आपापल्या मशीनपुढं आणि बोलणं भिंतीवरून. चहा आला की तोंड दिसायचं, एरवी नुसता आवाज. त्यामुळं असेल, पण फोटो शोधायला बसले तेव्हा मला तुझा चेहरा नीट आठवेना. आवाज लगेच आठवला.

आता पलीकडून काही ऐकू येत नाही. साड्यांची बोचकी तशीच आहेत. बायका येतात, दारात घुटमळतात, मग माझ्याकडं येतात. मी त्यांची साडी शोधून देते. फॉल लागला असेल तर ठीक, नसेल तर तशीच घडी घालून देते. एकजण म्हणाली, "अर्धाच लावलाय की हो." मी म्हटलं, "व्हय, अर्धाच लावलाय."

तुझ्या मशीनच्या वरच्या फळीवर तो छोटा टीव्ही अजून आहे. त्यावर धूळ बसली म्हणून पुसला. चालू केला नाही. चालू करून काय बघायचं? 'सितारा घाट' बंद होऊन किती काळ झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांना मी आता सांगते तेव्हा ती गोष्ट किती साधी होती ते मलाच कळतं. परदेशातली मालिका, हिंदीत बोलणारी. आकाशात फार लांब, बंदराला असतो तसा एक धक्का आहे. कधीकाळी तिथं यानं थांबत, माणसं उतरत. आता एकही येत नाही. तरी तिथली चार माणसं रोज दिवा लावतात आणि रेडिओवर हरवलेल्या यानांची नावं एकेक करून पुकारतात. प्रत्येक नावानंतर थोडं थांबतात. उत्तर येत नाही. भाग संपतो.

मी ती कधी बघितली नाही. मी ती ऐकली. भिंतीपलीकडून. कमांडर बाईचा जाडसर आवाज, दरवाजांचे फुस्स फुस्स आवाज, आणि शेवटी ती नावं. नावं सुरू झाली की तुझं मशीन थांबायचं. समोर गिऱ्हाईक बोलत असलं तर तू त्यालाही गप्प करायचीस.

"कुणी येणार न्हाय त्यांच्याकडं," मी इकडून म्हणायचे.

"येणार न्हाय ते त्यांलाबी माहीत हाय."

"मग दिवा कशाला लावत्यात? बिल कोण भरतं?"

"शैले, तुला तुझा नवरा कधी आठवत न्हाय का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

यावर तू पुन्हा पायडल मारायला लागायचीस. तुझी ही खोडच होती. मी वाद जिंकायच्या आत मशीन सुरू करायचं.

मग तुला मोबाइलवर तो नवा नाद लागला. जगभरात ही मालिका बघणारे वेडे आहेत, त्यांची मंडळं आहेत, ते वर्षाला जमतात, कमांडरसारखे कपडे शिवून घालतात. कपड्यांचं ऐकून तू खूष झालीस. "काज नीट केलेली न्हायेत गं त्यांनी," असं फोटो मोठा करून करून म्हणालीस. आणि त्यांचं नाव. इंग्रजीत ते स्वतःला 'डॉकर' म्हणतात. पेपरवाले त्यांना 'डॉकी' म्हणतात आणि ते ऐकून जुने लोक चिडतात. डॉकी म्हणजे चेष्टा, डॉकर म्हणजे मान. काहींना मात्र डॉकीच आवडतं, मग त्यांची एकमेकांत जुंपते. हे सगळं तू मला भिंतीवरून वाचून दाखवलंस, अडखळत, तिथल्या माणसांची बाजू घेत.

"तिकडंबी भांडणंच हायेत, बघ," तू म्हणालीस. "पर आपल्याला दोन्ही नकोत. डॉकर म्हणं. बंदरावरच्या हमालागत वाटतंय."

"मग तुमी काय म्हणवून घेणार?"

तू जराही न थांबता म्हणालीस, "आराधी."

मी प्रिंटर बंद केला आणि तुझ्या भागात आले. तुला आठवत असेल. चहाची वेळ नसताना मी भिंत ओलांडून आले, असं फारदा झालं नाही.

माझी आई येरमाळ्याच्या देवीची आराधी होती. घरात ज्वारीची पोती होती, कशाची वाण नव्हती, तरी मंगळवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन ती पाच दारांत जोगवा मागायला उभी राहायची. आमच्या घरापेक्षा गरीब घरांतही. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. ती म्हणायची, मलाबी वाटती, म्हणून तर जायचं. चैत्रातल्या यात्रेला ती उन्हातान्हात देवीच्या देवळासाठी चुनखडीचे खडे वेचायला जायची आणि पायाला फोड घेऊन यायची. ती माळ आजही माझ्या देव्हाऱ्यात आहे. मी घालत नाही, कारण माझ्याच्यानं दारात उभं राहवत नाही.

हे सगळं मी तुला त्या दिवशी सांगितलं. आवाज चढला होता माझा. "खुर्चीत बसून टीव्ही बघणाऱ्या बाईनं त्यो शब्द घ्यायचा न्हाय. दुसरा कुठलाबी घे."

तू सुईत दोरा ओवत होतीस. "आराधी म्हंजे तरी काय? जे दिसत न्हाय, बोलत न्हाय, त्याच्यासाठी रोज उठून काहीतरी करायचं. ते लोक नावं पुकारत्यात. मी ऐकती. अजून काय पाहिजे?"

"दारात उभं राहायला पाहिजे," मी म्हटलं आणि परत आले.

त्यानंतर कमांडर वारली.

मला तो दिवस चांगला आठवतो, कारण तू पहिल्यांदा माझी गिऱ्हाईक झालीस. दिवा दुरुस्त करायला कमांडर बाहेर गेली आणि आत आलीच नाही. तू डोळे पुसलेस, माझ्या टेबलाशी आलीस आणि म्हणालीस, "बोर्ड करून दे."

"कसला?"

"श्रद्धांजलीचा. माणूस गेलंय, बोर्ड नको?"

आता फ्लेक्सवाल्या बाईनं काय म्हणायचं? या चौकात कुत्र्याच्या वाढदिवसाचे बोर्ड मी लावलेत. मी तुझ्या मोबाइलमधला फोटो घेतला, पांढऱ्या बारीक केसांची, रुंद जबड्याची बाई. सवयीनं मागं ढग टाकले.

"ढग काढ. तिथं ढग नसत्यात."

"मग काय असतंय?"

"काळं. आणि चांदण्या."

"काळी शाई लई जाती."

"जाऊ दे."

काळं केलं. चांदण्या टाकल्या. मग 'शोकाकुल'पाशी गाडी अडली. तू म्हणालीस, "समस्त आराधी मंडळ, परंडा."

"ते मी छापणार न्हाय, सांगितलंय तुला. आणि समस्त म्हंजे कोण? तू एकटी?"

"तू हायेस की."

"मी न्हाय."

"बरं," तू म्हणालीस. एवढंच. शेवटी मी 'मित्र परिवार' छापलं. ते कुणालाही चालतं.

बोर्ड स्टँडच्या कोपऱ्यावर लागला आणि दुपारपासून माणसं यायला लागली. हे तुझ्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. बोर्ड बघितला की माणूस भेटायला येणारच. गल्लीतल्या चार बायका डोक्यावर पदर घेऊन तुझ्या दुकानात खाली बसल्या. "कोण व्हत्या गं तुझ्या?" "बाहेरगावी असायच्या का?" तू म्हणालीस, "लई लांब." "म्हणून तर रंग उजळ हाय." आजार काय होता, लेकरंबाळं किती, सगळं विचारून झालं. आणि तू खोटं एक बोलली नाहीस! दिव्याच्या कामाला बाहेर गेल्या होत्या म्हणालीस. "खांबावरच गेल्या म्हण की," असं म्हणून त्यांनी हळहळ केली, वायरमनच्या नावानं बोटं मोडली. संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या जनामावशी फडक्यात बांधून पिठलं-भाकरी घेऊन आल्या. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी आणायचं असतं, ते त्या कधी चुकवत नाहीत.

मी भिंतीपलीकडं तोंडात पदर कोंबून बसले होते. त्या गेल्यावर तू अर्धी भाकरी भिंतीवरून माझ्याकडं दिलीस. "खा. तुझीबी कुणीतरी व्हतीच की." मी हसत हसत खाल्ली. तू हसत नव्हतीस. ते मला दिसलं नाही, भिंत होती. पण तुझं मशीन त्या संध्याकाळी सुरू झालं नाही, एवढं ऐकू आलं.

पुढं चॅनेलनं मालिका मधेच बंद केली. शेवटचे भाग हिंदीत कुठंच मिळेनात. इंग्रजी तुला येत नव्हतं आणि खाली वाचायला लिहिलेलं पळायचं. तू विचारत सुटलीस. डिशवाल्याच्या दारात गेलीस, तो हसला. शाळेतल्या एका सरांकडं गेलीस, ते म्हणाले, "या वयात?" भूमला एक जुना टीव्ही दुरुस्त करणारा होता, त्याच्याकडं जायला मला माझी स्कुटी काढायला लावलीस. मी कुरकुर करत आले. त्याच्याकडं नव्हतं. त्यानं ईट गावचा एक मोबाइलवाला सांगितला, जो लोकांना कार्डात मालिका भरून द्यायचा.

ईट म्हटल्यावर मी गाडी बाजूला घेतली. ईट तुझं सासर. म्हणजे होतं. तुझ्या नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि तू बोचकं घेऊन परंड्याला माहेरी आलीस, त्यानंतर त्या वाटेनं तू कधी गेली नव्हतीस.

"जायचं का?" मी विचारलं.

"चल की. दुकान काय त्याच्या बापाचं हाय?"

मोबाइलवाल्याचं मशीन खराब होऊन सगळं उडालं होतं. पण तो म्हणाला, एका घरच्या वहिनी सगळे भाग भरून नेत, त्यांच्याकडं असतील. त्यानं घराची खूण सांगितली. मोठं चिंचेचं झाड, शेजारी हौद. तुझ्या चेहऱ्याकडं बघून मला कळलं की ते घर कुठलं आहे. त्याला माहीत नव्हतं, तो आपला सांगत होता. त्या वहिनी म्हणजे कांता. तुझ्या नवऱ्यानं केलेली.

मला वाटलं, आता आपण परत जाणार. मी गाडी वळवलीसुद्धा. तू मागं बसलीस आणि म्हणालीस, "डावीकडं."

मी गल्लीत गाडी चालू ठेवून थांबले. तू पदर नीट केलास आणि दारात जाऊन उभी राहिलीस. ओट्यावर तुझी सासू बसलेली. तिनं डोळ्यांवर हात धरला.

"कोण हाय गं?"

"म्या नलू."

मग म्हातारी म्हणाली, "काय न्यायला आलीस?"

"न्यायला न्हाय. मागायला आले."

"काय?"

"मालिकेचं भाग."

म्हातारीला वाटलं तुझं डोकं फिरलं. तिनं आत हाक मारली. कांता बाहेर आली, हात पिठाचे, तुला ओळखून जागीच थिजली. तू तिला एवढंच विचारलंस, "कमांडर गेल्यावर दिवा कोण लावतंय?"

तिच्या तोंडावर जे आलं ते मी स्कुटीवरून बघितलं. ती म्हणाली, "तुमी बी बघता व्हय?" आणि मग, घाईघाईनं, जणू कुणी अडवेल म्हणून, "तो स्वयंपाकी लावतो हो, तो बारका! त्याला येत न्हाय, तरी लावतो!" या घरात तिचं बोलणं ऐकायला कुणी नव्हतं, हे मला त्या एका वाक्यात कळलं. तुला तर ते घर माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तुम्ही दोघी दारातच बोलत राहिलात. तिनं पेन ड्राइव्ह आणला, चहा आणला, निघताना तुला कुंकू लावलं. तू लावून घेतलंस. तू मागं बसल्यावर ती पळत आली आणि मोबाइलवर तुझा फोटो काढला. "राहू दे माझ्याकडं," म्हणाली.

गाव मागं पडल्यावर तू माझ्या कानाशी म्हणालीस, "आता तरी म्हण."

"काय?"

"आराधी."

"वाऱ्यानं ऐकू येत न्हाय," मी म्हटलं.

तू हसलीस. पुन्हा तो विषय काढला नाहीस. शेवटच्या आजारात बार्शीच्या दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले तेव्हाही नाही. तिथं तू मला कुणाची साडी कुणाला द्यायची तेच सांगत होतीस, आणि मी 'बरं, बरं' म्हणत होते. दोघींनाही दुसरं काही बोलता आलं असतं. सवय नव्हती. मधे भिंत नव्हती ना.

तू गेल्यावर कांताचा फोन आला. दादाच्या फोननंतर लगेच.

"ताई, म्या ईटची कांता. नलूताई गेल्या ते इथं दुपारी कळलं. घरात रडता बी येईना. कुणासाठी रडतीस म्हणत्याल." मग म्हणाली, "बोर्ड तुमीच करणार न्हाय? माझं नाव टाकता का खाली?"

"टाकते की."

"पर काय म्हणून? नातं काय लिहिता? सवत?"

"तसं बोर्डावर कुणी लिहीत न्हाय, कांताबाई."

"मग?"

"बघते," मी म्हटलं.

नलू, मी तेव्हा बोर्ड बघत बसले. 'शोकाकुल' खाली समस्त परिवार, दादाचं आडनाव. त्यात ती बसत नव्हती. आणि मग कळलं की मीही बसत नाही. 'मैत्रीण' असं टाइप करून बघितलं. श्रद्धांजलीच्या बोर्डावर मी इतकी वर्षं पुत्र, बंधू, जावई, मित्र मंडळ, तालीम, पतसंस्था, सगळं छापलं. 'मैत्रीण' कधी छापलं नाही, कुणी सांगितलंच नाही. तो शब्द तिथं असा दिसत होता की जणू चुकून दुसऱ्या फाइलमधून आलाय. 'मित्र परिवार' कमांडरच्या वेळी चाललं. तुझ्या वेळी मला ते चालेना. ते कुणालाही चालतं, म्हणूनच चालेना.

एकच शब्द उरला होता, ज्यात कांता बसते आणि मी बसते. आणि तो मी तुला दिला नव्हता.

तो तसाच टाइप करायला मला अडचण नव्हती, मशीन माझंच. पण फुकट घ्यायचा नव्हता. तुला जे बजावलं ते मलाही लागू. म्हणून फोटोसाठी मी दारोदार गेले. फोनवर विचारता आलं असतं. नाही विचारलं. दुकान बंद केलं आणि चालत निघाले.

पहिल्या घरी लग्नाचा अल्बम काढला. त्यात तू नवरीच्या निऱ्या नीट करतेयस, नुसता भांग दिसतो. दुसरीकडं हळदीकुंकवाच्या फोटोत तुझी पाठ. तिसऱ्या घरी म्हणाल्या, "फोटो तर नलूच काढायची, ती कशी येईल?" चौथ्या दारात उभं राहून मी "नलूचा फोटो हाय का?" म्हटलं आणि आतून आवाज आला, "सुटे न्हाईत, पुढं जा." मी खरंच पुढं निघाले होते. मग ती बाई बाहेर आली, मला बघून ओशाळली आणि आत बोलावून पाणी दिलं. दारात उभं राहणं काय असतं ते आईनं सांगितलं होतं. तू करून दाखवलंस. कळलं त्या ओसरीवर.

मग ईट. कांताच्या मोबाइलला नेट नव्हतं, मालक भरून देत नाहीत. म्हणून जायलाच लागलं. भूम मागं पडल्यावर एकदा सवयीनं मागं मान करून म्हटलं, "नीट धर." सीट मोकळी होती. त्यानंतर सरळ बघून गाडी चालवली.

ओट्यावर म्हातारी तिथंच होती. "आता कोण आलं मागायला?"

"म्या शैला. नलूची," मी म्हटलं. पुढचा शब्द नव्हता म्हणून वाक्य तिथंच थांबलं. म्हातारीनं मान हलवली, जणू पुरेसं आहे. मग हळूच म्हणाली, "चांगली व्हती गं." हे तिनं तू दारात उभी होतीस तेव्हा म्हणायला हवं होतं. नाही म्हणाली. तुला सांगते आहे.

कांतानं फोटो दिला. तू स्कुटीच्या मागच्या सीटवर, मान वळवून, कपाळावर तिनं लावलेलं कुंकू, तोंडभर हसणं. असा तुझा चेहरा होता तर! पुढं माझा खांदा आणि हेल्मेट. दुकानात येऊन मी हेल्मेट कापलं. खांद्याचा थोडा भाग तुझ्या हाताखाली होता, तो कापला तर तुझी बोटं जात होती. राहू दिला. कुणाला कळणार नाही.

ढग काढले. काळं केलं. काळी शाई लई गेली.

समस्त परिवाराच्या खाली दुसरी ओळ टाकली: समस्त आराधी मंडळ, परंडा व ईट. दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ती कधी आराधी झाली?" मी म्हटलं, "लई दिवस झाले. तुमी पुण्याला असता." त्याला येरमाळ्याची वाटली असणार. वाटू दे. देवीला काय ते माहीत आहे, आणि हरकत असली तर ती मला सांगेल. आईची माळ घरातच आहे.

बोर्ड सकाळी लावला. मी स्वतः दोऱ्या बांधल्या. मग दुकानात येऊन बसले. लोक दादाच्या इथल्या घरी जात होते, बरोबरच आहे, घर ते. माझ्याकडं एकजण लग्नाचा बोर्ड सांगायला आला, तो घेतला. दुपारी पलीकडच्या भागात जाऊन तुझ्या मशीनवर कापड टाकलं. अर्ध्या फॉलची ती साडी बाई घेऊन गेली होती, तेव्हा तिथं करण्यासारखं काही नव्हतं. परत आले. भिंतीवरून बोलायचं कुणाशी? गावात बोर्ड तुझा, माणसं तुझी, आणि मला भेटायला यायचं कुणाला कारण नाही, असं ते चाललं होतं. तक्रार नाही. आहे ते सांगते.

संध्याकाळी जनामावशी आल्या. हातात फडकं. त्यांना वाचता येत नाही, स्टँडवर कुणाकडून तरी बोर्ड वाचून घेतला होता. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दादाकडं एक दिलं. ह्ये दुसरं कुणाला द्यायचं, सांग. त्ये खाली मंडळ लिवलंय म्हणं. ते कोण? हाय का कुणी हितं त्यातलं?"

मी प्रिंटर बंद केला.

"हाय, मावशी," मी म्हटलं. "म्या हाय. द्या हिकडं."

पिठलं गार झालं होतं. अर्धी भाकरी मोडली आणि हात भिंतीवर गेला, तो खाली घेतला. मग दोन्ही अर्ध्या मीच खाल्ल्या, नलू.